नासपतीची बाग, येडाईची आमराई

चैत्र पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या वाशीकडून येरमाळ्याला जाणारी वाट माणसांनी भरून जाते. ज्वारी निघालेली असते, रानं मोकळी पडलेली असतात आणि बालाघाटाच्या माळावर सावली शोधावी लागते. बायांच्या हातात परड्या, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळभर मळवट. येडेश्वरीची पालखी डोंगरावरच्या देवळातून उतरते आणि चुन्याच्या रानात येते. तिथं लाखो माणसं खाली वाकून चुनखडीचे खडे वेचतात. मग पालखी आमराईत जाते आणि पाच दिवस देवी तिथंच मुक्काम करते. बांधलेलं देऊळ सोडून देवी आमराईत राहायला येते, ही गोष्ट मला लहानपणापासून मोहात पाडत आलेली आहे.

आयुष्यातलं पहिलं नाटक मी या आमराईत पाहिलं. आजीनं बोट धरून नेलं होतं. संबळ वाजत होता, तुणतुणं एकाच सुरात चाललं होतं, आणि एक उंच गोंधळी खांद्यावरचं उपरणं इकडून तिकडं टाकत एकट्यानं अख्खा दरबार उभा करत होता. उपरणं डोक्यावरून घेतलं की राणी, कमरेला कसलं की सैनिक, झटकून खांद्यावर टाकलं की राजा. पडदा नव्हता, खुर्ची नव्हती. दिवटीच्या उजेडात त्याचा चेहरा दिसत होता तेवढाच. आजी मध्येच डोळे पुसत होती, आणि गोष्ट तर तिला तोंडपाठ होती. ठाऊक असलेल्या गोष्टीला रडू का येतं, हे मी तिला विचारलं होतं. तिनं माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि गप ऐक म्हणाली.

बाहेरच्या माणसाला वाशी तालुका ठाऊक असतो तो दिवाळीमुळं. तेरखेड्याचे फटाके सगळीकडं जातात. महामार्गावरून जाणारा माणूस गाडी थांबवून पिशवीभर घेऊन जातो. फटाक्यांची दारू चीनमध्ये शोधली गेली, एवढं आम्हाला शाळेत शिकवलेलं होतं. पण चिनी नटाला त्याच्या भाषेत ‘नासपतीच्या बागेचा शिष्य’ म्हणतात, हे मला पन्नाशीत कळलं, आणि त्या दिवसापासून येरमाळ्याची आमराई आणि ती बाग माझ्या मनात शेजारीशेजारी येऊन बसल्या. हा लेख त्या शेजाराचा आहे.

तांग घराण्याचा सम्राट श्वानझोंग इ. स. ७१२ ते ७५६ या काळात गादीवर होता. छांगआन ही त्याची राजधानी, म्हणजे आजचं शीआन. त्याला संगीताची विलक्षण जाण होती. दरबारातले ३०० वादक त्यानं निवडले आणि राजवाड्याजवळच्या नासपतीच्या बागेत त्यांची शाळा भरवली. एखाद्याचा सूर चुकला तर सम्राट स्वतः ओळखायचा आणि दुरुस्त करायचा, असं इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे. चिनी भाषेत त्या बागेला ‘ली युआन’ म्हणतात. पुढं हजार-बाराशे वर्षं चिनी नटमंडळी स्वतःला ली युआनची लेकरं म्हणवत राहिली आणि पडद्यामागं या सम्राटाला कुलदैवतासारखं पूजत राहिली. बाग मात्र फार काळ राहिली नाही. ७५५ साली आन लूशानचं बंड झालं, राजधानी पडली, गाणारे-वाजवणारे देशोधडीला लागले. दरबारात गाजलेला ली ग्वीन्यान हा गवई पुढं दक्षिणेत लोकांच्या बैठकांतून गात फिरत होता. कवी दू फूला तो ७७० साली तिथं भेटला. झाडं गेली, भिंती गेल्या, नाव राहिलं. नाव राहिलं, कारण ते गळ्यांतून फिरत होतं.

त्याच्याही आधी शंभरएक वर्षं, ७व्या शतकात, श्वानझांग हा भिक्खू पायी हिंदुस्थानात आला होता. आपल्याकडं त्याला ह्युएनत्संग म्हणतात. पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रातही आला. इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्यानं नोंदवलं. आपल्याकडचा आंबाही त्याच्या प्रवासवर्णनात आहे. पुढं तो स्वतःच चिनी रंगभूमीवरचं पात्र झाला. वानरराज सून वूखोंग त्याच्या संगतीला आला, आणि गावोगावच्या मुलांनी त्या वानराच्या कोलांट्या पाहून टाळ्या पिटल्या. आपला मुलूख पायाखाली घालून गेलेला माणूस तिकडं आख्यान झाला, हे कळल्यावर मला श्वानझांग परका वाटेनासा झाला.

आता गोंधळाकडं येतो. लग्न झालं की आमच्याकडं घरोघर गोंधळ घालतात, पण त्याची रचना नीट पाहणारे कमी. आधी चौक भरायचा. पाटावर नवं वस्त्र, त्यावर धान्याची रास, राशीवर तांब्याचा कलश, विड्याची पानं, नारळ. भोवती पाच ऊस किंवा ज्वारीची पाच धाटं उभी करून त्यांचे शेंडे वर एकत्र बांधायचे. झालं मखर. म्हणजे अंगणात पहिल्यांदा एक छोटं रान उभं राहतं आणि देवी त्या रानात येते. मग दिवटी पेटते. गण होतो. त्यानंतर आवाहन: तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर, एकेका ठाण्याचं नाव घेऊन तिथल्या देवाला गोंधळाला बोलवायचं. ऐकणाऱ्या पोराला भूगोलाच्या पुस्तकाआधी महाराष्ट्र कळतो तो असा. गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई असे दोन भेद. पहिले तुळजाभवानीचे, दुसरे माहूरच्या रेणुकेचे.

आवाहनानंतर आख्यान. नायक पद म्हणतो, मग ते बोलून उलगडतो, आणि साथीदार मध्येच आडवा प्रश्न टाकतो. हा आडवा प्रश्न म्हणजे गोंधळाचा प्राण. नायक सांगत असतो हरिश्चंद्राची गोष्ट, साथीदार विचारतो, राजानं राज्य दिलं ते ठीक, बायकोला विकायचा हक्क त्याला कुणी दिला? लोक हसतात, मग गप्प होतात. रात्री दोन वाजता, घोंगडीवर बसलेल्या, एरवी पुस्तक हातात न धरणाऱ्या माणसांच्या मनात धर्म म्हणजे काय, हा प्रश्न उतरतो. तत्त्वज्ञान म्हणतात ते यालाच, आणि आमच्या भागात त्याची शाळा अंगणात भरत आली. परभणीचे गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदम यांच्यासारख्या कलावंतांनी ही विद्या मोठ्या रंगमंचांवर नेली, पण तिचं माहेर अंगणच.

चिनी रंगमंच या बाबतीत गोंधळाचा सख्खा भाऊ आहे. १७९० साली सम्राट छ्येनलोंगच्या ८०व्या वाढदिवसासाठी आन्ह्वी प्रांतातल्या नाटकमंडळ्या पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला आल्या, आणि पुढच्या काही दशकांत त्यांच्यातून पेकिंग ऑपेरा आकाराला आला. त्याच्या मंचावर एक टेबल आणि दोन खुर्च्या एवढाच संसार. हातात गोंड्याचा चाबूक आला की नट घोड्यावर बसला. मंचाला एक फेरी मारली की शंभर कोस झाले. एका नाटकात दोन माणसं काळ्याकुट्ट अंधारात लढतात, आणि मंचावर लख्ख उजेड असतो. अंधार फक्त त्यांच्या हातापायांत असतो. चेहरे रंगवतात तेही अर्थासाठी. लाल रंग निष्ठेचा, पांढरा कपटाचा, काळा सरळ न्यायाचा. आमच्या गोंधळ्याकडं रंगाचे डबे नाहीत, त्याच्याकडं उपरणं आहे. पण समोरच्या माणसाच्या कल्पनेवर दोघांचा विश्वास सारखाच.

येडाईची स्वतःची गोष्टही सोंगाचीच आहे. सीतेला शोधत राम या बालाघाटात आला. जवळच येडशीचं रामलिंग आहे, रावणाशी लढून जटायू पडला तो तिथंच, असं इकडं मानतात. शंकरानं वनात फिरणाऱ्या रामाला हात जोडले, तेव्हा पार्वतीला शंका आली: बायकोसाठी रडत फिरणारा हा देव कसला? तिनं सीतेचं रूप घेतलं आणि त्याच्या वाटेत उभी राहिली. रामानं क्षणात ओळखलं आणि म्हणाला, वेडी आहेस आई. म्हणून ती येडाई. ही कथा सांगताना देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी बाया ‘येडी’ हा शब्द इतक्या मायेनं उच्चारतात की त्यात कमीपणा उरतच नाही. देवीनं सोंग घेतलं, ते उघडं पडलं, आणि उघडं पडलं त्याच जागी तिची पूजा सुरू झाली. चुकलेल्या परीक्षेचं नाव अभिमानानं मिरवणारी ही देवी मला फार थोर वाटते.

सोंग घेऊनच खरं सांगता येतं, हे नाथांनी ओळखलं होतं. पैठणच्या एकनाथांनी ३००च्या आसपास भारुडं लिहिली. त्यांत ते वासुदेव होतात, जोशी होतात, फकीर होतात, मुरळी होतात, गोंधळीही होतात. परडी, पोत, माळ या आमच्या बायांच्या हातातल्या वस्तू उचलून त्यांनी त्यांनाच बोधाचा आणि वैराग्याचा अर्थ दिला. संस्कृतातलं वेदान्ताचं ओझं एका पोतावर तोलून धरलं. नाथांनी १५९९ साली गोदावरीत देह ठेवला.

त्याच्या आदल्याच वर्षी, १५९८ साली, तिकडं चीनमध्ये थांग श्येनझू या माणसानं सरकारी नोकरी सोडली, आपल्या लिनच्वान गावी परतला आणि ‘पिओनी मंडप’ हे ५५ प्रवेशांचं नाटक पुरं केलं. हा माणूस मला नाथांच्या नात्यातला वाटतो. १५९१ साली त्यानं दरबारातल्या गैरकारभारावर सम्राटाला खरमरीत निवेदन पाठवलं आणि त्याबद्दल दूर दक्षिणेला हद्दपारी भोगली. पुढं स्वीछांग या डोंगरी तालुक्याचा अधिकारी असताना त्यानं कैद्यांना नववर्षाच्या सणाला घरी सोडलं होतं, असं सांगतात. माणसाच्या भावनेवर एवढा विश्वास असलेल्या माणसाचं नाटकही त्याच विश्वासावर उभं आहे. दू लीन्यांग ही १६ वर्षांची मुलगी, सुभेदाराची लेक. पंतोजी तिला जुनी काव्यं पाठ करायला लावतात. घरामागं बाग आहे हेसुद्धा तिला दासीकडून कळतं. ती एकदा चोरून बागेत जाते आणि वसंत पाहते. एवढीच घटना. तिथं तिला झोप लागते, स्वप्नात एक तरुण भेटतो, आणि जागी झाल्यावर ती त्या स्वप्नाच्या ओढीनं झुरून मरते. तिला त्याच बागेत आलुबुखाराच्या जातीच्या झाडाखाली पुरतात. तीन वर्षांनी तो तरुण खरोखर येतो, आणि ती परत जिवंत होते.

वरवर पाहता ही प्रेमकथा. पण त्या काळात राजमान्य झालेलं झू शीचं तत्त्वज्ञान सांगत होतं की विश्वाचा नियम आधी, माणसाची ओढ नंतर. थांगचे गुरू लो रूफांग वेगळ्या पंथाचे; शहाणपण मुळातच प्रत्येक माणसाच्या ठायी असतं, असं मानणारे. त्या वादाला थांगनं ग्रंथ लिहून उत्तर दिलं नाही, एक मुलगी बागेत पाठवली. संसारातल्या बायकांनी या नाटकाच्या प्रती उराशी धरून वाचल्या, समासात आपली मतं लिहिली. नाथांची भारुडं आणि हे नाटक एकमेकांना कधीच भेटली नाहीत. तरी दोघांनी एकाच काळात एकच काम केलं: मोठ्या पोथीतला प्रश्न सोंगाच्या तोंडी दिला आणि माणसांत सोडला.

स्त्रीरूपाची गोष्ट निघालीच आहे तर सांगायलाच हवं. दू लीन्यांगची भूमिका अजरामर करणारा नट पुरुष होता. मेई लानफांग, जन्म १८९४. साठी उलटल्यावरही त्यांनी या १६ वर्षांच्या मुलीचं बागेतलं भटकणं चित्रपटासाठी साकारलं. आपले बालगंधर्व त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, १८८८चे. शकुंतलाही बागेतच भेटते, झाडांना पाणी घालताना; ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ उभं राहिलं, तेव्हा आपल्या संगीत रंगभूमीचीही पहाट तपोवनातच झाली.

चीनमध्ये आता काही शहरांत ऑपेराच्या नावानं बागा केल्या जातात. जुन्या नाटकातल्या पात्रांचे पुतळे, रंगवलेल्या चेहऱ्यांच्या भिंती, कन्फ्यूशियस-लाओझींची वचनं कोरलेल्या शिळा. आपल्याकडंही तशी इच्छा आहे आणि ती चांगली इच्छा आहे. पंढरपुरात यमाई तलावाजवळ वन विभागानं तुळशी वृंदावन केलं. तुळशीचे नाना प्रकार, विठ्ठलाची उंच मूर्ती, भिंतींवर संतांच्या आयुष्यातले प्रसंग. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान झालं. मुलांना घेऊन जावं, चित्रं दाखवावीत, सावलीत डबा सोडावा. या जागांचं मोल मी कमी मानत नाही.

पण चित्रासमोर उभं राहिल्यावर मला तेरची आठवण येते. तेर आमच्याच जिल्ह्यात, तेरणेच्या काठी. गोरोबाकाकांचं गाव. तिथं संतांचा मेळा जमला असताना मुक्ताईनं कोपऱ्यातल्या थापटण्याकडं बोट दाखवून विचारलं, काका, हे काय? ते म्हणाले, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग पारखा आम्हाला, असं म्हणताच गोरोबा उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे शांत बसले. नामदेव तेवढे चिडले, आणि ते मडकं कच्चं ठरलं. जगातल्या कोणत्याही रंगभूमीनं हेवा करावा असा हा प्रवेश आहे. एक हत्यार, एक ओळ माणसं, आणि कुंभाराच्या हाताला कळणारा आवाज.

चिनी तत्त्वज्ञ ज्वांगझीची अशीच एक गोष्ट आहे. राजा वर बसून ग्रंथ वाचतोय, खाली अंगणात प्येन नावाचा सुतार चाक घडवतोय. तो विचारतो, महाराज, काय वाचता? राजा म्हणतो, थोर पुरुषांची वचनं. ते आहेत का? नाहीत, वारले. मग तुम्ही वाचता तो चोथा आहे, सुतार म्हणतो. राजा संतापतो: पटवून दे, नाहीतर जीव जाईल. सुतार शांतपणे सांगतो की चाकाचं भोक सैल पाडलं तर आरा टिकत नाही, घट्ट पाडलं तर बसत नाही. नेमकं किती ते हाताला कळतं, तोंडाला सांगता येत नाही. पोरालाही शिकवता आलं नाही, म्हणून ७०व्या वर्षी मीच चाकं घडवतोय. गोरोबा आणि हा सुतार एका ओसरीवर बसले असते तर त्यांना दुभाष्या लागला नसता.

म्हणून बागेत शिळा किती, यापेक्षा तिथं गळे किती, हे मी आधी मोजतो. बीजिंगचं स्वर्गमंदिर १४२० साली बांधलं गेलं. सामान्य माणसाला तिथं पाय ठेवता येत नसे. १९१८ साली ते सर्वांसाठी उद्यान म्हणून खुलं झालं. हल्ली सकाळी तिथल्या लांब ओवरीत निवृत्त माणसं जमतात. कुणी बांबूची जिंगहू सारंगी काढतो, कुणी पत्ते मांडतो, आणि भाजीची पिशवी कठड्याला टेकवून एखादी बाई ऑपेरातलं जुनं पद उचलते. मंच नाही, निवेदक नाही. चुकलं तर शेजारचा म्हातारा मान हलवून दाखवतो. श्वानझोंग सम्राट आपल्या बागेत हेच करत होता. सूचौसारख्या शहरांत आता जुन्या बागांतच खुनछू या ऑपेराशैलीतली नाटकं करतात. शांघायजवळ झूज्याज्याओच्या एका बागेत २०१० पासून ‘पिओनी मंडप’ झाडापाण्याच्या संगतीनं सादर झालं. कागदावरची बाग पुन्हा बागेत आली.

आपल्याकडं मी एका तालुक्याच्या गावात नवं उद्यान पाहिलं. कारंजं होतं, सिमेंटचा संबळवादक होता, रंग छान दिला होता. त्या गावचे खरे संबळवाले दोघे भाऊ त्या दिवशी बाहेर रसवंतीवर मजुरी करत होते. त्यांना आत बोलवायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. मला त्या रात्री झोप लागली नाही. त्यांना पुतळ्याएवढी जागा पुरली असती: एक ओटा, वर झाड, अमावस्या-पौर्णिमेची रात्र आणि बिदागी. वाशीत कधी बाग झाली तर ती अशी व्हावी, ही माझी मागणी आहे आणि ती मी जमेल तिथं मांडत राहणार आहे. गावरान आंब्याची झाडं लावावीत. मोहर यायला वर्षं लागतील, लागू द्यावीत. आराध्यांचे मेळे तिथं बसावेत. शाळेच्या पोरांना फलक वाचायला नेण्याऐवजी साथीदाराचा आडवा प्रश्न ऐकायला न्यावं.

यंदा आमराईतल्या मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी मी पुन्हा गेलो होतो. लांबवर कर्ण्यांचा आवाज होता, पण एका झाडाखाली दहा-बारा माणसं गोलात बसली होती. मध्ये एक गोंधळी, शेजारी त्याचा मुलगा, नऊ-दहा वर्षांचा. संबळ मुलापुढं ठेवलेला. तो टिपरू मारत होता आणि प्रत्येक वेळी आवाज बसका येत होता. बाप काही बोलला नाही. त्यानं मुलाचं मनगट धरलं, किंचित बाहेर वळवलं आणि सोडून दिलं. पोरानं पुन्हा मारलं. गोलातल्या एका म्हातारीनं मांडीवरची परडी बाजूला ठेवली आणि नीट ऐकायला पुढं सरकली.